प्रसादाचा हात: हेमिप्लेजिया असलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या थेरपीचं प्रकरण

पार्श्वभूमी

तनू सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली. तिचं नाव आणि ओळख पटेल असे घरचे तपशील मी बदलले आहेत. घरात आई-वडील, आजी आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ. वडील टेम्पो चालवतात, आई शिवणकाम करते. माझ्या थेरपी केंद्रापर्यंत यायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात आणि आईचा अख्खा दिवस जातो. पुढच्या प्रत्येक निर्णयावर या दोन एसट्यांची छाया आहे, म्हणून आधीच सांगितलं.

तनू पूर्ण दिवसांची जन्मली, वजनही चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी झटके आले. आठवडाभर पेटीत ठेवलं, औषध सुरू झालं, काही महिन्यांनी ते बंदही झालं. घरच्यांच्या लेखी विषय तिथेच संपला. सात-आठ महिन्यांची असताना खुळखुळा दिला की दरवेळी डावाच हात पुढे यायचा. आईचा मामा डावखुरा, तेव्हा पोर मामावर गेली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मूल वर्षाचं व्हायच्या आत एकच हात पुढे करत असेल तर ती आवड समजू नये, दुसऱ्या हाताचं काही अडलं आहे का ते तपासून घ्यावं. ही एक गोष्ट घराघरात पोहोचली असती तर माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं दोन-तीन वर्षं आधी आली असती.

ती चालायला लागली ती उजव्या पायाच्या चवड्यावर. चौथ्या वर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं होतं. त्यातल्या डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं खेळताना पाहिलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात जुनी इजा दिसली. जन्माच्या सुमारास तिथला रक्तपुरवठा तुटला होता, म्हणजे नवजात बाळाला झालेला स्ट्रोक. निदान झालं उजव्या बाजूच्या हेमिप्लेजिक सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे शरीराच्या एकाच बाजूच्या हाता-पायाची हालचाल कायमची अडणं. थेरपीच्या चार-पाच खेपा झाल्या, तेवढ्यात भावाचा जन्म झाला आणि खेपा थांबल्या. त्यानंतरची दोन वर्षं रोज सकाळी आजी तिच्या हाताला तेल चोळत होती आणि बोटं एकेक करून उघडत होती.

पहिली तपासणी

पहिलीच्या वर्गात नाव घातल्यावर, जुलैमध्ये आई तिला घेऊन आली. मी तपासणीआधी मुलाला टेबलावर काहीतरी देऊन गप्प बसते. तनूला बिस्किटाचा पुडा दिला. तिने तो डाव्या हाताने उचलला, दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबला, वाकून दातांनी फाडला आणि एक बिस्कीट मला दिलं. सगळं दहा सेकंदांत. उजवा हात मांडीवर होता, मनगट खाली वाकलेलं, अंगठा मुठीच्या आत. त्याचं त्या कामाशी काहीच नातं नव्हतं.

हात हलत नव्हता असं मात्र नाही. चेंडू मोठा असला की दोन्ही हात पुढे यायचे. उजव्या हातात पेला दिला तर बोटं मिटायची, सोडताना मात्र अडायची. तळहात वर फिरवणं सगळ्यात अवघड, अर्ध्या वाटेत खांदाच वर जायचा. पिशवीत हात घालून न बघता वस्तू ओळखण्याच्या खेळात डाव्या हाताने पाचही ओळखल्या. उजव्याला चमचा आणि खडा यांतला फरकही कळला नाही. डाव्या हाताने पेन्सिल घट्ट धरली की उजवी मूठही आपोआप आवळायची. दोन हातांनी दोन वेगळी कामं करायची म्हटलं की अशा मुलांची जास्त तारांबळ उडते. हेमिप्लेजियात दृष्टीचा एका बाजूचा भाग कधी कधी गेलेला असतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते ठीक निघालं.

रोजच्या कामात मूल हात कसे वापरतं यावरून पाच पातळ्या ठरवणारी मॅक्स ही पद्धत स्वीडनमधल्या आन-क्रिस्तीन एलियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली. त्यात तनू दुसऱ्या पातळीवर होती. म्हणजे बहुतेक वस्तू हाताळते, पण सफाई आणि वेग कमी.

नेमकी अडचण

कुणाला काय हवं आहे हे विचारलं तेव्हा तीन उत्तरं आली आणि तिन्ही वेगळी.

आईला तिने उजव्या हाताने लिहायला हवं होतं. शाळेत तसं सांगितलं जाईल अशी तिला धास्ती होती.

आजीचं म्हणणं त्या वेळी आईनेच सांगितलं. "डाव्या हातानं जेवत्यात व्हय कुणी?" असं त्या रोज पंगतीत म्हणायच्या. लग्नाकार्यात तनूला स्वयंपाकघरात वेगळं जेवायला बसवलं जायचं. ते आई माझ्याकडे न बघता बोलली.

तनूला डबा उघडायचा होता. मधल्या सुट्टीत तिचा डबा शेजारची मुलगी उघडायची आणि उघडणावळ म्हणून त्यातला एक घास घ्यायची.

हा हात बरा होऊन डाव्यासारखा होणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. मेंदूची इजा वाढत नाही, तशी ती पुसलीही जात नाही. उजवा हात उत्तम मदतनीस होऊ शकतो. वही धरेल, डबा दाबून ठेवेल, शर्टाची कड ओढून धरेल. लिहिणं डाव्यानेच. आईने मान हलवली. तिला ते पटलं होतं की नुसतं ऐकलं होतं, हे मी विचारलं नाही.

पहिला बेत आणि तो कुठे फसला

मी निवडली ती बंधन-थेरपी. चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि रोज ठरावीक वेळ कमकुवत हाताला काम द्यायचं. तिचं मूळ एडवर्ड टॉब यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत आहे. एका हाताची संवेदना गेलेलं माकड तो हात हलवता येत असूनही वापरणं सोडून देतं, पण चांगला हात बांधला की पुन्हा वापरू लागतं. लहान मुलांसाठी तिचं सौम्य रूप तयार झालं, दिवसाला दोन तास, दोन महिने. हेमिप्लेजियात या पद्धतीचा पुरावा भक्कम आहे आणि घरीही करता येते. दोन एसट्यांचा विचार करता मला ती सोयीची वाटली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोजा आणि खेळांची यादी देऊन मी त्यांना घरी पाठवलं.

दहाव्या दिवशी आईचा फोन आला. तनूने मोजा दातांनी कुरतडून फाडला होता आणि मॅडमकडे जायचं नाही म्हणून दोन दिवस रडत होती. खोदून विचारल्यावर कळलं, मोजा रात्रीच्या जेवणात घातला जात होता. आजीला वाटलं, मॅडमनी डावा हात बांधायला सांगितलाय म्हणजे पोर उजव्या हाताने जेवायला शिकावी म्हणूनच. तनू दहा दिवस भातात उजवी मूठ बुडवत होती, अर्धपोटी उठत होती, आणि समोर सगळे "जमतंय, जमतंय" म्हणत होते.

ही चूक माझी. यादीत मी खेळ लिहिले होते, मोजा कधी घालायचा नाही हे लिहिलं नव्हतं. आणि ज्या बाईच्या हातात घरातली सगळी शिस्त होती, तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. भुकेच्या वेळी, सगळ्यांसमोर, जे येतच नाही ते करायला लावणं ही थेरपी नव्हे. मोजा त्याच दिवशी बंद केला.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टच्या शेवटी आई-वडील दोघंही आले. टेबलावर बऱ्याच गोष्टी होत्या.

मोजा नवे नियम घालून पुन्हा सुरू करता आला असता. पण तनूने मोज्याकडे बघून हात पाठीमागे लपवला, तेव्हाच उत्तर मिळालं.

बोटॉक्सचं इंजेक्शन बालअस्थिरोगतज्ज्ञांनी सुचवलं होतं. ताठर स्नायू त्याने काही महिने सैल पडतो. त्या काळात हाताला भरपूर काम दिलं तर उपयोग होतो, नुसतं इंजेक्शन देऊन हात कामाला लागत नाही. तनूचं मनगट हाताने सरळ करता येत होतं, सांधा आखडला नव्हता. आधी सराव आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टरांशी बोलून ठरलं.

वडिलांनी मोबाईलवर एक जाहिरात दाखवली, स्टेम सेलची. शेत विकायची त्यांची तयारी होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताचे काही आजार वगळता स्टेम सेल उपचार मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर देता येत नाहीत, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. शेत वाचलं, ही या प्रकरणातली मला सगळ्यात समाधानाची गोष्ट वाटते.

मालीश बंद करा असं मी म्हटलं नाही. आजीचा नातीशी तो सकाळचा सहवास होता. पण चोळल्याने हात काम शिकत नाही, हे स्पष्ट केलं. रात्री मनगट सरळ धरून ठेवणारा स्प्लिंट दिला, त्याच्याकडून फार अपेक्षा न ठेवता.

उरली दोन्ही हातांची सघन थेरपी, हॅबिट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन आणि जीनी चार्ल्स यांनी ती विकसित केली. तीत बांधाबांध नाही. ज्याला दोन हात लागतातच असं काम मुलापुढे ठेवायचं आणि ते हळूहळू अवघड करत न्यायचं, एवढंच. गॉर्डन यांच्याच २०११ च्या अभ्यासात दोन्ही पद्धतींना ९० तास दिले तेव्हा हाताची क्षमता जवळपास सारखी सुधारली, पण घरच्यांनी निवडलेल्या उद्दिष्टांत दोन्ही हातांच्या सरावाची बाजू सरस ठरली. आम्हाला ९० तास मिळणार नव्हते. पण दिवाळीची सुट्टी होती आणि तनूचा मामा शहरातच राहत होता.

काय केलं

आधी मी गावी गेले. आजी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही बसले. अर्धा तास शेंगा फोडल्यावर मी म्हटलं, "आजी, या हाताकडून जेवायचं काम होणार नाही. पण दुसरं कुठलं चांगलं काम तुम्ही याला द्याल?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "परसाद घ्यायला तरी हात फुडं यिल का?"

प्रसाद घेताना उजवा तळहात वर, डावा खाली आधाराला. तळहात वर फिरवणं, म्हणजे तनूला सगळ्यात जड जाणारी हालचाल, रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर, न चुकता. मी शंभर खेळ सुचवले असते तरी याच्या तोडीचा एक सुचला नसता. क्रम आम्ही दोघींनी मिळून ठरवला. आधी गुळाचा मोठा खडा, मग खडीसाखर, मग फुटाणे, मग साखर. तीर्थ सगळ्यात शेवटी. डाव्या हाताने उजवा खालून उचलून धरला तरी चालेल. सांडलं तर काही बोलायचं नाही, पुन्हा द्यायचं. आणि जेवण डाव्या हाताने, पंगतीत, सगळ्यांबरोबर. या शेवटच्या अटीवर आजी पुन्हा गप्प झाल्या. मग "बरं" म्हणाल्या.

शाळेत बाईंना भेटले. आईला वाटत होती तशी उजव्या हाताची सक्ती तिथे नव्हतीच, कुणी आजवर विचारलं नव्हतं इतकंच. तनूला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे लिहिताना कोपर शेजारणीला लागत नाही. वहीखाली ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी घातली. वही धरायचं काम उजव्या हाताचं.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस, रोज तीन तास, चार मुलांचं शिबिर घेतलं. दहा दिवसांचं ठरवलं होतं, दोन दिवस तनूला ताप आला. काम एकच, किल्ला. माती चाळायला चाळणीच्या दोन्ही कडा धराव्या लागतात. घमेलं उचलायला दोन कान. पोत्याचं तोंड एकाने उघडं धरायचं, दुसऱ्याने माती भरायची. बुरुजासाठी मातीचा गोळा दोन तळव्यांत वळायचा, आणि तळहात उघडल्याशिवाय गोळा वळतच नाही. "उजवा हात वापर" हे वाक्य आठ दिवसांत कुणीही उच्चारायचं नाही, असा मदतनीस मुलींना दंडक होता. तिसऱ्या दिवशी तनूने बाटली दोन्ही हातांनी धरून हळीव पेरलेल्या उतारावर पाणी शिंपडलं. बूच तिने कसं काढलं ते पाहायला मी तिच्या बाजूलाच उभी होते. बाटली पोटाशी, उजव्या कोपराने आवळलेली, उजवी बोटं बाटलीवर उघडी ठेवलेली, डावा हात फिरवतोय. गुडघे आणि दात दोन्ही मोकळे होते.

शिबिरानंतर आठ आठवडे घरी. पत्रक भरायला आईला वेळ नव्हता, म्हणून ठरलं की अर्धा तास काम झालं की दिनदर्शिकेच्या त्या तारखेवर एक टिकली. कामं घरचीच. मटार सोलणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं, आई शिवत असताना कापडाची दुसरी कड धरणं, भावाला शर्ट घालणं. दर शनिवारी व्हिडिओ कॉल, वीस मिनिटं.

याच काळात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी अर्ज केला. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे आणि तीत थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत येतो, हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल

जानेवारीअखेर आईने दिनदर्शिकेची पानं आणली. ७४ टिकल्या, म्हणजे ३७ तास. शिबिराचे २४ धरून एकूण ६१.

उद्दिष्टांना आई आणि तनूने सप्टेंबरमध्ये दहापैकी गुण दिले होते, तेच पुन्हा विचारले. डबा उघडणं २ वरून ८. वही धरणं ३ वरून ७. जेवताना ताट धरून ठेवणं २ वरून ६. शर्टाची बटणं १ वरून ३, ती अजून जमत नाहीत. उजव्या हाताने बटण पकडता येत नाही आणि काज धरून ठेवलं तर ते बोटांतून सुटतं. या मोजणीत दोन गुणांची वाढ अर्थपूर्ण मानतात. बटणांचे गुण तेवढे वाढले खरे, पण आईला रोज सकाळी अजूनही बटणं लावून द्यावी लागतात.

पिशवीच्या खेळात उजव्या हाताने आता पाचांतल्या दोन वस्तू ओळखल्या. पेन्सिल धरताना उजवी मूठ अजूनही आवळते. धावताना मनगट पूर्वीसारखंच वाकतं.

प्रसादाचं आजींनी फोनवर स्वतः सांगितलं. खडीसाखर आणि फुटाणे हातावर राहतात, साखर थोडी सांडते, तीर्थ ठरत नाही. पंगतीचं आईने सांगितलं. संक्रांतीनंतरच्या एका लग्नात तनू बाहेर सगळ्यांबरोबर बसली, डाव्या हाताने जेवली. कुणीतरी बोललंच. आजी म्हणाल्या, "तिचा उजवा हात देवाचा हाय. जेवायला डावा."

एप्रिलच्या तपासणीत मात्र घसरण दिसली. शेतीची कामं आणि लग्नसराईत टिकल्या थांबल्या होत्या. डबा आणि वही टिकून होती, कारण ती रोजच करावी लागतात. ताट धरणं विसरलं गेलं होतं, ताट जमिनीवर सरकत नसेल तर धरायची गरजच पडत नाही. प्रसाद चालूच होता.

आज पुन्हा करायचं झालं तर

मोजा द्यायच्या आधी घरी गेले असते. बंधन-थेरपी वाईट नाही. दुसऱ्या दोन मुलांना मी ती त्याच वर्षी दिली आणि त्यांनी ती मजेत केली. तनूच्या घरात मात्र डाव्या हातावर आधीपासूनच बोट ठेवलेलं होतं, आणि मी त्याच हातावर मोजा चढवला. घरात डाव्या हाताविषयी काय बोललं जातं, हा प्रश्न आता माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर छापलेला आहे. त्याच्याखाली दुसरा, घरात शेवटचा शब्द कुणाचा.

उद्दिष्टं ठरवताना तनूचं उत्तर मी तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं. ते पहिलं हवं होतं. सगळ्यात जास्त गुण तिच्याच डब्याचे वाढले.

बटणांचं उद्दिष्ट घाईचं होतं. चिमटीची पकड आणि बोटांची संवेदना दोन्ही कमी असताना मोठ्या बटणांपासून सुरुवात करायला हवी होती, किंवा सरळ टिचबटणं लावून आईची सकाळ सोपी करायला हवी होती. ती आईने आता स्वतःच शिवून लावली आहेत. हे मला जुलैत सुचायला काही हरकत नव्हती.

बोटॉक्सच्या निर्णयाबद्दल मी अजून साशंक आहे. शिबिराच्या आधी दिलं असतं तर तळहात वर फिरवायला कदाचित सोपं गेलं असतं. दुसरीकडे, इंजेक्शनच्या धास्तीने आधीच बिथरलेली मुलगी शिबिराला आली असती का, हेही आहे. येत्या भेटीत डॉक्टर मनगट पुन्हा बघतील. उंची झपाट्याने वाढायला लागली की आखडण्याचा धोका वाढतो, तेव्हा हा प्रश्न पुन्हा येणारच आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत दुसरं शिबिर ठरलं आहे. या वेळी उद्दिष्ट आधी तनूला विचारलं. तिने केसांचा रबर काढून माझ्या टेबलावर ठेवला.